एकाच आकड्यासाठी घडवलेलं विमान

ध्वनीच्या तिप्पट वेगानं जाताना स्वतःच्या पंखांची टोकं पासष्ट अंश खाली मुडपून घेणारं मोठं विमान आजवर एकच झालं. त्याचं नाव एक्सबी-70 व्हॅल्किरी. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीनं ते अमेरिकन हवाई दलासाठी बांधलं. लांबी सुमारे 57 मीटर, पंखांचा विस्तार 32 मीटर, भरलेलं वजन अडीचशे टनांच्या घरात, शेपटीला एका ओळीत सहा जेट इंजिनं. लांब मान, नाकामागे दोन छोटे पंख आणि मागे अवाढव्य त्रिकोण. अशी दोनच विमानं बनली, तीही बॉम्बर म्हणून रद्द झाल्यानंतर. पहिलं हवेत गेलं 21 सप्टेंबर 1964 रोजी, आणि बॉम्बरचा कार्यक्रम राष्ट्राध्यक्ष केनेडींनी मार्च 1961 मध्येच गुंडाळला होता.

या विमानावर पुस्तकं आहेत, माहितीपट आहेत, आणि उरलेलं एकमेव विमान ओहायोमधल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. तरी गेली काही वर्षं ते पुन्हा पुन्हा बांधलं जातंय ते संगणकावरच्या खेळांत. विमानं जोडायची, उडवायची, पडली की पुन्हा जोडायची, अशा खेळांचा एक मोठा भक्तवर्ग आहे, आणि त्यात रद्द झालेल्या विमानांना विशेष मान आहे. जे विमान हजारांनी बनलं ते पुन्हा बांधण्यात कौतुक काय? जे अर्ध्यावर सोडलं गेलं, तिथं मात्र खेळाडूला वाटतं की उरलेलं काम आपल्याकडे आलंय.

माझा भाचा त्यांतला एक. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याचं विमान हमखास हँगरमध्ये सापडतं. मी त्याच्या शेजारी बसून व्हॅल्किरी बांधली. बांधली त्यानंच, मी जुन्या आराखड्यांतली मापं वाचून दाखवायचं आणि शंका काढायचं काम केलं. पत्रकाराला याहून जास्त काही येत नाही, असं त्याचं मत आहे.

खेळ होता कर्बल स्पेस प्रोग्रॅम. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीनं तो 2011 मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आणला आणि 2015 मध्ये पूर्ण स्वरूपात काढला. मुळात हा अंतराळयानांचा खेळ. हिरव्या, मोठ्या डोक्याच्या, कायम घाबरलेल्या किंवा कायम हसणाऱ्या बुटक्या माणसांना कर्बिन नावाच्या ग्रहावरून वर पाठवायचं. पण त्यात विमानांचं हँगर आहे, आणि त्याला खेळाडूंनी स्वतः लिहिलेल्या मॉडची जोड मिळाली की खेळणं एकदम गंभीर होतं. त्यांतला फेरॅम एरोस्पेस रिसर्च हा मॉड हवेचा हिशेब जवळपास पाठ्यपुस्तकाच्या इमानदारीनं करतो. विमानाचा सगळा आकार बारीक ठोकळ्यांत मोजतो, ध्वनिवेगाच्या आसपास विरोध कसा वाढेल ते काढतो आणि विमान स्थिर आहे की नाही ते आकड्यांच्या तक्त्यात सांगतो. बरा आकडा हिरवा, वाईट आकडा लाल. भाच्याच्या कॉलेजात वायुगतिकीचा एक पेपर आहे. तो म्हणाला, "मामा, पुस्तकात हे आकडे पाठ केले होते. इथं लाल झाला की विमान पडतं."

बाहेरचं रूप पटकन जमलं. हव्या त्या मापाचे पंख करून देणारा दुसरा मॉड होता, त्यामुळे त्रिकोण हवा तसा कापता आला. इंजिनांचं तर नशीबच फळफळलं. व्हॅल्किरीच्या वायजे93 इंजिनाचा जोर आफ्टरबर्नरसकट साधारण 130 किलोन्यूटन, आणि खेळातल्या व्हिपलॅश इंजिनाचा जागच्या जागी मोजलेला जोरही तेवढाच. अशी सहा लावली, पांढरा रंग दिला, आणि हँगरमध्ये ती इतकी देखणी दिसली की भाच्यानं लगेच तिचा फोटो काढून मित्रांना पाठवला.

मग तक्ता उघडला. ध्वनिवेगाखाली बहुतेक आकडे हिरवे. वेगाच्या रकान्यात मॅक 3, म्हणजे ध्वनीच्या तिप्पट वेग, टाकला आणि दोन आकडे लाल झाले.

पहिली गोष्ट नाकाची. विमानाच्या वजनाचा एक मध्य असतो, आणि पंखांनी वर उचलण्याचा, म्हणजे लिफ्टचा, दुसरा. हा दुसरा मध्य पहिल्याच्या थोडा मागे असला की विमान शहाण्यासारखं वागतं. पण ध्वनिवेग ओलांडला की लिफ्टचा मध्य आणखी मागे सरकतो. नाक खाली जायला बघतं. ते वर धरायला मागच्या पट्ट्या वर उचलून ठेवाव्या लागतात, त्यानं विरोध वाढतो, आणि विरोध वाढला की इंधन जातं. तासन्‌तास त्याच वेगानं जायचं असेल तर ही उधळपट्टी परवडत नाही. दुसरी गोष्ट डावी-उजवीकडची. वेग वाढत गेला तशी उभ्या शेपट्यांची पकड कमी होत जाते, आणि व्हॅल्किरीच्या दोन्ही शेपट्या मुद्दाम आखूड ठेवलेल्या. मॅक 3 ला तिचं नाक बाजूला घसरलं तर ते परत सरळ येण्याऐवजी आणखी घसरत जाईल, असं तक्ता सांगत होता.

शेपट्या मोठ्या करूया, असं भाच्याचं म्हणणं. मी त्याला पंखांची टोकं मुडपायला सांगितलं. 2019 च्या ब्रेकिंग ग्राउंड या जोडपुरवणीपासून खेळात बिजागऱ्या मिळतात. त्यानं पंखांचा बाहेरचा तुकडा कापून बिजागरीवर बसवला, पासष्ट अंश खाली वळवला आणि तक्ता पुन्हा काढला. दोन्ही आकडे हिरवे झाले. टोकं खाली गेल्यामुळे मागच्या बाजूचा आडवा पंख कमी झाला, म्हणून लिफ्टचा मध्य पुढे आला. तीच टोकं आता उभी झाली, म्हणून ती शेपटीचं काम करू लागली. एका बिजागरीनं दोन रोग बरे झाले.

प्रत्यक्षात तिसराही फायदा होता, आणि तो या खेळाला कळत नाही. 1956 मध्ये नाका या सरकारी संशोधन संस्थेतल्या आल्फ्रेड एगर्स आणि क्लॅरेन्स सिव्हर्टसन यांनी एक अहवाल लिहिला. ध्वनिवेगापलीकडे जाणाऱ्या वस्तूपुढे हवेचा धक्कातरंग उठतो, आणि त्याच्या मागे हवेचा दाब वाढलेला असतो. विमानाचं पोट असं घडवलं की हा वाढलेला दाब पंखांच्या खाली येईल, तर विमानाला फुकटची लिफ्ट मिळते. व्हॅल्किरीच्या इंजिनांची मोठी पेटी पंखांखाली पोटाला लावलेली होती, ती त्यासाठी. आणि खाली मुडपलेली टोकं त्या दाबाला बाजूनं निसटू देत नसत. नावेच्या कडांनी पाणी अडवावं तसं. हे सगळं मोजायला धक्कातरंग कुठून उठतो आणि कुठे जाऊन आदळतो हे कळावं लागतं, आणि फेरॅमचा हिशेब तिथवर जात नाही. तो प्रत्येक तुकड्याचा विचार करतो. एका तुकड्यानं उठवलेली लाट दुसऱ्याच्या पोटाला लागते हे त्याच्या गावी नाही. त्यामुळे आमच्या व्हॅल्किरीच्या पोटाखालची ती पेटी निव्वळ ओझं होती. भाच्याला ती काढून इंजिनं मागे सुटी लावायची होती. मी नाही म्हटलं. खेळाला न दिसणारी गोष्ट आराखड्यातून काढून टाकायची, तर मग पुन्हा बांधतोय कशाला?

एवढी उठाठेव ज्या आकड्यासाठी, त्या आकड्याची गोष्ट अशी. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन हवाई दलाला बी-52 च्या जागी असं बॉम्बर हवं होतं, जे सोव्हिएत युनियनपर्यंत जाईल आणि वाटेत कुणाला सापडणार नाही. सापडायचं नाही म्हणजे उंच आणि वेगानं जायचं. पहिले प्रस्ताव हास्यास्पद होते. ध्वनिवेगाखाली दूरवर जायचं आणि शेवटचा टप्पा वेगानं गाठायचा, म्हणून पंखांच्या टोकांना इंधनाच्या प्रचंड टाक्या, प्रत्येक टाकीला स्वतःचे पंख, आणि वाटेत त्या सोडून द्यायच्या. जनरल कर्टिस लेमे यांनी ते आराखडे बघून हे विमान नव्हे, तीन विमानांचा ताफा आहे, असं झिडकारल्याचं सांगतात. मग संपूर्ण प्रवासच मॅक 3 ला करायचा, ही कल्पना पुढे आली. गंमत अशी की ती व्यवहार्य होती. त्या वेगाला विमान नीट बसवलं तर प्रत्येक किलोमीटरमागे लागणारं इंधन तेवढं वाईट नसतं. डिसेंबर 1957 मध्ये नॉर्थ अमेरिकनला काम मिळालं.

त्यानंतर विमानातली प्रत्येक गोष्ट त्या एका आकड्याला बांधली गेली. मॅक 3 ला कातडी तापते, ॲल्युमिनियम टिकत नाही, म्हणून पोलादाच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पोलादाचंच मधमाशीच्या पोळ्यासारखं जाळं बसवून पॅनेल केली. ती उष्णता जायला कुठे हवी, म्हणून टाक्यांमधलं इंधनच थंडावा देणार. त्या तापमानाला टिकेल असं जेपी-6 नावाचं खास इंधन. त्या वेगाला काचेचा कोन हवेला अडतो, म्हणून वैमानिकांपुढचा भाग उडताना वर-खाली होणारा. हवा आत घेणारे दोन मोठे चौकोनी बोगदे, प्रत्येकाला तीन इंजिनं, आणि आतल्या भिंती हलत्या, कारण इंजिनाला पोचेपर्यंत हवेचा वेग ध्वनिवेगाखाली आलाच पाहिजे.

खेळात टाक्या गळत नाहीत. ही फार मोठी सवलत आहे. खऱ्या पहिल्या विमानाची एक टाकी कधीच धड बंद झाली नाही. ती रिकामीच ठेवून ते उडत राहिलं. पहिल्याच उड्डाणात एक इंजिन बंद करावं लागलं, चाकं आत गेली नाहीत, आणि उतरताना डावीकडची मागची चाकं अडकून टायरांना आग लागली. ध्वनिवेग ओलांडला तेव्हा पांढऱ्या रंगाचे पोपडे उडाले. 14 ऑक्टोबर 1965 रोजी मॅक 3 गाठला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेचा तुकडाच निघून गेला. तेव्हापासून त्या विमानाला मॅक 2.5 ची मर्यादा घातली गेली. दुसरं विमान जास्त नीट बनलं होतं. मे 1966 मध्ये ते बत्तीस मिनिटं मॅक 3 ला राहिलं. त्याच्याच एका उड्डाणात पुढचं चाक अडकलं, आणि सहवैमानिक जो कॉटन यांनी कागदाला लावायची क्लिप वाकवून सर्किटच्या दोन टोकांत घातली, तेव्हा विमान उतरवता आलं. महिनाभरानं, 8 जून 1966 रोजी, इंजिनं बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकच्या जाहिरातीसाठी पाच विमानांचा एकत्र फोटो काढत असताना एक एफ-104 लढाऊ विमान व्हॅल्किरीच्या पंखाला लागलं आणि दोन्ही कोसळली. एफ-104 मधले जो वॉकर आणि व्हॅल्किरीतले कार्ल क्रॉस गेले. तिचे दुसरे वैमानिक ॲल व्हाइट जखमी होऊन वाचले. एका फोटोसाठी. हे वाचताना मला अजूनही राग येतो.

आमचं विमान बिजागरीपाशी अडलं. खेळातल्या बिजागऱ्या तेवढ्या ताकदीच्या नाहीत, आणि हलणाऱ्या सांध्यापलीकडे विमान आतून ताणून धरणारे अदृश्य आधार चालत नाहीत. वेग वाढला की टोकं फडफडत, मग एक सुटे, मग विमान गोल फिरत खाली. हिरवी माणसं शेवटपर्यंत हसत. एका टोकाला एकाऐवजी ओळीनं अनेक बिजागऱ्या लावून भाच्यानं मार्ग काढला. नॉर्थ अमेरिकनच्या अभियंत्यांनीही तेच केलं होतं, प्रत्येक टोकाला सांध्यावर ओळीनं मोटरा. हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्याची मान ताठ झाली.

अखेर ती मॅक 3 ला पोचली, टोकं खाली, नाक सरळ, सुई स्थिर. आणि तिथेच मला पहिल्यांदा तिचा खरा दोष दिसला. कर्बिन हा लहानसा ग्रह आहे, त्रिज्या फक्त 600 किलोमीटर. त्या वेगाला त्याची एक प्रदक्षिणा तासाभरापेक्षा थोड्या जास्त वेळात होते. म्हणजे ज्या पल्ल्यासाठी हे विमान होतं, तो पल्ला इथं नाहीच. पोटात बॉम्बही नाहीत. मूळ खेळात बॉम्ब मिळत नाहीत, आणि अण्वस्त्र टाकायला निघालेलं विमान रिकाम्या पोटी फिरवायला मिळतंय याचं मला वाईट वाटलं नाही. मग हिचं करायचं काय? मी भाच्याला म्हटलं, "आता खालून उडव. डोंगरांच्या उंचीवरून."

"खालून? कशाला?"

"1960 साली हाच प्रश्न होता म्हणून."

1 मे 1960 रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्रानं उंचावरून जाणारं अमेरिकेचं यू-2 हेर विमान पाडलं. उंचावर कुणी पोचत नाही, हा हिशेब त्या दिवशी जाहीरपणे संपला. त्याआधीच हवाई दलानं बी-52 विमानांना रडारच्या नजरेखालून, जमिनीलगत जायला शिकवायला सुरुवात केली होती. आणि आंतरखंडीय क्षेपणास्त्रं तोवर येऊन ठेपली होती. ती अर्ध्या तासात तिथं पोचत, आणि त्यांना वैमानिक लागत नव्हता. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी 1959 च्या अखेरीस कार्यक्रम एका प्रायोगिक विमानापुरता कापला, निवडणुकीच्या वर्षात तो थोडा फुगवला गेला, आणि केनेडींनी आल्यावर तो अनावश्यक आणि न परवडणारा ठरवून बंद केला. लेमे आणि काँग्रेसमधले त्यांचे दोस्त 1962 पर्यंत झुंजत राहिले. सशस्त्र सेवा समितीचे अध्यक्ष कार्ल व्हिन्सन तर सरकारला पैसे खर्चायला भागच पाडायच्या बेतात होते. केनेडी त्यांना घेऊन व्हाइट हाऊसच्या बागेत फेरफटका मारून आले आणि प्रकरण मिटलं.

ही गोष्ट सहसा अशी सांगतात की सुंदर विमानाचा राजकारण्यांनी आणि केनेडींचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांच्या हिशेबनिसांनी बळी घेतला. खालून उडवून बघितल्यावर मला ते पटेनासं झालं. दाट हवेत, ध्वनिवेगाच्या जरा खाली, आमच्या व्हॅल्किरीचं इंधन बघता बघता उतरू लागलं. टोकं सरळ केली तर पंख नको इतका मोठा, मुडपली तर लिफ्ट कमी. सहा इंजिनं ज्या उंचीसाठी, ती उंची नाही. पोटाखालची पेटी तर आता तिहेरी ओझं. भाच्यानं पुढचे छोटे पंख बदलून पाहिले, इंधन पुढे-मागे केलं, दोन इंजिनं बंद केली. काहीच लागू पडेना, कारण बदलायला मोकळा असा एकही भाग त्या विमानात उरला नव्हता. प्रत्येक भाग दुसऱ्याला आणि सगळे मिळून मॅक 3 ला बांधलेले. खऱ्या व्हॅल्किरीबद्दलही तेव्हा हाच हिशेब मांडला गेला होता: खालून ती बी-52 पेक्षा फारशी वेगवान नाही, आणि जाणार मात्र कमी अंतर, कमी ओझं घेऊन. तिला रद्द करण्याचं कारण तिच्या आकारात होतं. केनेडींनी ते फक्त वाचलं. उलट 1952 साली पहिल्यांदा उडालेलं, आठ इंजिनांचं, लोंबत्या पंखांचं, कुणीही देखणं म्हणणार नाही असं बी-52 आजही सेवेत आहे. त्याला उंचावरून, खालून, क्षेपणास्त्रं लटकवून, जे सांगावं ते करता आलं.

या निष्कर्षाला आडवा जाणारा एक दाखला आहे, तोही सांगितला पाहिजे. व्हॅल्किरीनंतर सहाच दिवसांनी, 27 सप्टेंबर 1964 रोजी, ब्रिटनचं टीएसआर-2 उडालं. ते नेमकं खालून, वेगानं जाण्यासाठीच घडवलेलं. म्हणजे काळाला हवं तसं. त्यालाही एप्रिल 1965 च्या अर्थसंकल्पात रद्द केलं गेलं. तिथं खर्च आणि राजकारण हीच कारणं होती. ते ज्याची जागा घेणार होतं ते कॅनबेरा बॉम्बर भारतीय हवाई दलात 2007 पर्यंत टिकलं. लोहगावच्या परिसरात वाढलेल्या पुणेकरांना त्याचा आवाज आठवत असेल. आणि व्हॅल्किरीच्या धास्तीनं ज्याच्या आखणीला जोर आला असं मानलं जातं, त्या मिग-25 ची टेहळणी आवृत्ती आपल्याकडे बरेलीहून 2006 पर्यंत उडत होती. बॉम्बर कधी आलंच नाही, त्याला अडवायला निघालेलं विमान मात्र म्हातारं होईपर्यंत नोकरी करून गेलं.

दोन विमानांवर सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. उरलेलं पहिलं विमान नासानं वापरलं, लांब आणि लवचीक विमान ध्वनिवेगापलीकडे कसं वागतं आणि जमिनीवर त्याचा धमाका किती पोचतो ते मोजायला. 4 फेब्रुवारी 1969 रोजी ते डेटनला शेवटचं उतरलं. ती मोजमापं अमेरिकेच्या स्वनातीत प्रवासी विमानासाठी होती, बोइंगच्या 2707 साठी. त्याचेही पैसे 1971 मध्ये बंद झाले.

भाच्यानं आता 2707 चे आराखडे शोधून ठेवलेत. सुरुवातीच्या आराखड्यात पंख पुढे-मागे हलणारे होते, नंतरच्यात स्थिर त्रिकोणी. "मामा, कुठलं घेऊ?"

"हलणारे घे," मी म्हटलं. त्या सांध्याचं वजन बोइंगला पेलवलं नाही, म्हणून 1968 मध्ये त्यांनी तो सोडून दिला. बिजागऱ्या ओळीनं लावायच्या की एकच मोठी करायची, यावर आमचा अजून वाद चालू आहे.